दोन ठिणग्यांचा दावा

पेटंटला मराठीत 'एकस्व' असा सुबक प्रतिशब्द आहे. जे एकट्याच्या मालकीचे, ते एकस्व. पण कल्पनेवरील मालकी ठरवावयाची कशी? आम्हा भाषेच्या अध्यापकांचा हा जुना प्रश्न आकुर्डीच्या एका मोटारसायकलीने थेट सर्वोच्च न्यायालयात नेला.

साध्या इंजिनात पेट्रोल व हवेचे मिश्रण एकच प्लग पेटवितो. आग एका बाजूने पसरत जाते; त्यात वेळ जातो आणि थोडे इंधन धड जळत नाही. आकुर्डीच्या बजाज ऑटोने सिलिंडरला दोन प्लग बसविले, १६ जुलै २००२ रोजी अर्ज केला आणि २००५ साली एकस्व मिळविले. २००३ पासून 'पल्सर'मुळे 'डीटीएस-आय' ही अक्षरे तरुणांच्या तोंडी बसली.

२००७ साली टीव्हीएसने 'फ्लेम' ही गाडी जाहीर केली. तिलाही दोन प्लग! प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. टीव्हीएस म्हणे, यात नवे काय? जपानच्या होंडाचे तसे अमेरिकन पेटंट पूर्वीचेच आहे. शिवाय आमचे व्हॉल्व्ह तीन, तुमचे दोन. बजाज म्हणे, ४५ ते ७० मिलिमीटर व्यासाच्या छोट्या सिलिंडरात कमी पेट्रोलाचे मिश्रण नीट जाळणे, हे आमचेच.

रामकथा जुनीच, म्हणून मोरोपंतांची रामायणे काही एकनाथांची नक्कल ठरत नाहीत. पण मांडणी किती बदलली म्हणजे वस्तू नवी, हे सांगणे रसिकालाही जड. मग न्यायाधीशांची काय कथा! फेब्रुवारी २००८ मध्ये बजाजला मनाई हुकूम मिळाला. मे २००९ मध्ये अपिलात तो उठला. १६ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की टीव्हीएसने गाडी विकावी, हिशेब मात्र ठेवावा. आणि असे दावे रोज चालवून साधारण ४ महिन्यांत निकालात काढावेत.

प्रत्यक्षात २०१९ साली उभयतांनी तडजोड केली. एकस्वाचे आयुष्य अर्जापासून २० वर्षांचे. त्यातली १२ वर्षे भांडणात सरली!

थोरल्या कंपन्यांना हे सोसते. मला काळजी वाटते ती चाकणच्या शेडमध्ये चार माणसांनिशी काही नवे घडविणाऱ्या तरुणाची. त्याला सांगणे एवढेच, की बाबा, युक्ती चारचौघांत दाखविण्यापूर्वी अर्ज कर. एकदा उघड झालेली गोष्ट कायद्याच्या लेखी सहसा नवी राहत नाही, मग ती तुझी स्वतःची का असेना!