मुंबई उपनगरांतील भटक्या मांजरांची हिवाळ्यातील निगा

धान्याची कोठारे, गुरांचे तबेले, कोंबड्यांची खुराडी आणि मासळी सुकविण्याची खळी जेथे असतात तेथे उंदीर येतात, आणि उंदरांच्या मागोमाग मांजरे येतात. मुंबईच्या उपनगरांत हा क्रम पूर्वापार चालत आला आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या गोरेगावच्या आरे दुग्ध वसाहतीतील तबेले, अंधेरीजवळचा वेसावे कोळीवाडा, बोरिवलीपलीकडील गोराईची शेतवाडी, मुलुंड-घाटकोपरकडील बाजार व गुदामे या सर्व ठिकाणी कोणाच्याही मालकीची नसलेली मांजरे राहतात. ती मूषकांचा थोडाफार बंदोबस्त करतात. परंतु त्यांच्या निगेचा विचार क्वचितच होतो. हिवाळ्यात या दुर्लक्षाची किंमत प्रामुख्याने लहान पिले देतात.

थंडीचे स्वरूप

मुंबईस थंडी ती कसली, असे सहज म्हटले जाते. जानेवारीत सांताक्रूझ येथील किमान तापमान सरासरीने १७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, हे खरे. परंतु १९६२ च्या जानेवारीत याच वेधशाळेत पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. शिवाय संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटर वनक्षेत्रालगतच्या वस्त्यांत, म्हणजे आरे, बोरिवली व मुलुंड या बाजूंस, पहाटेचा गारठा शहरापेक्षा अधिक जाणवतो.

निरोगी, पोट भरलेले व कोरडे असलेले मोठे मांजर ही थंडी सहज सोसते. खरा धोका ओलाव्याचा आहे. पहाटेचे दव, तबेला धुतल्यानंतरची ओली फरशी व उत्तरेकडील वारा हे तीन एकत्र आले की अंगावरील लव भिजते आणि शरीराची ऊब झपाट्याने कमी होते. म्हणून हिवाळ्यातील निगेचे पहिले सूत्र असे की, ऊब पुरविण्याआधी कोरडेपणा साधावा.

निवारा कसा करावा

निवाऱ्यास खर्च फारसा येत नाही. मासळी ठेवण्याच्या थर्माकोलच्या जुन्या पेट्या कोळीवाड्यांत व मासळीबाजारांत सहज मिळतात. अशी पेटी साबणाने स्वच्छ धुवून उन्हात वाळवावी. सुमारे ६० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच पेटी दोन-तीन मांजरांस पुरते. पेटी याहून फार मोठी घेऊ नये. मोठी जागा मांजरांच्या अंगच्या उबेने गरम होत नाही. एका बाजूस १५ सेंटिमीटर व्यासाचे भोक पाडावे, म्हणजे मांजर आत जाईल, पण मोठा कुत्रा शिरणार नाही. पेटी विटांवर ठेवून जमिनीपासून उचलावी, झाकण घट्ट बसवून त्यावर वजन ठेवावे आणि तोंड दक्षिणेस अथवा भिंतीकडे करावे.

आत अंथरण्यास भाताचा कोरडा पेंढा सर्वांत चांगला. जुनी चादर, गोणपाट किंवा सतरंजी घालण्याची पद्धत आहे, परंतु कापड दव शोषून घेते व आतील मांजर अधिकच गारठते. पेंढ्यात मांजर स्वतःस पुरून घेते व ऊब टिकते. पेंढा दर पंधरवड्यास बदलावा. ओला झाल्यास त्याच दिवशी काढून टाकावा. निवाऱ्याजवळ शेकोटी किंवा कोळशाची शेगडी ठेवू नये. थर्माकोल व पेंढा दोन्ही चटकन पेटतात, आणि कोंडलेला धूर प्राणघातक ठरतो.

थंडीच्या रात्री मांजरे नुकत्याच उभ्या केलेल्या टेंपो-ट्रकच्या यंत्राखाली ऊब शोधतात. पहाटे दुधाची किंवा भाजीची गाडी सुरू करण्यापूर्वी चालकाने बॉनेटवर दोन-तीन थापा माराव्यात. एवढ्याने अनेक जीव वाचतात.

खाणेपिणे

भुकेले मांजरच उंदीर चांगले धरते, ही समजूत खरी नाही. मांजराची शिकारीची प्रवृत्ती भुकेवर अवलंबून नसते. उलट अर्धपोटी मांजर थंडीत लवकर आजारी पडते. मांजर हा मूलतः मांसाहारी प्राणी आहे. केवळ दूध-भात किंवा दूध-पोळी यांवर त्याचे पोषण होत नाही. मासळीबाजारातील डोकी-शेपट्या उकडून व काटे काढून, अथवा कोंबडीचे हाड नसलेले मांस उकडून, त्यात थोडा भात मिसळून द्यावा. सुकटीसारखी खारवलेली मासळी तसेच कांदा-लसूण घातलेले उष्टे अन्न देऊ नये. कांदा व लसूण मांजराच्या रक्तास अपायकारक आहेत.

तबेल्यांत धार काढताना मांजरांपुढे दूध ओतण्याची रीत आहे. पुष्कळ मोठ्या मांजरांस दूध पचत नाही व हगवण लागते. थंडीत ही हगवण अशक्त मांजराचा घात करते. दुधाऐवजी स्वच्छ पाणी ठेवावे.

अन्न दिवस मावळण्यापूर्वी, ठराविक जागी द्यावे आणि अर्ध्या तासात उरलेसुरले उचलावे. रात्रभर पडलेले अन्न उंदरांनाच पोसते. राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्त्यांत तर त्यावर कुत्री-मांजरे जमतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो.

पिलांची निगा

नवजात पिलू पहिल्या आठवड्यात स्वतःच्या शरीराचे तापमान राखू शकत नाही. त्यास थंडीने कापताही येत नाही. एकटे पिलू दिसताच ते उचलू नये. आई बहुधा शिकारीस गेलेली असते. दुरून काही तास लक्ष ठेवावे. आई परतली नाही व पिलू गार पडू लागले, तरच हात घालावा.

गार पडलेल्या पिलास प्रथम ऊब व नंतर अन्न, हा क्रम कधीही चुकवू नये. गारठलेल्या पिलाचे आतडे काम करीत नाही. त्यास पाजलेले दूध पचत नाही व ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिलाशेजारी ठेवावी व हळूहळू ऊब द्यावी. त्यानंतर मांजराच्या पिलांसाठी मिळणारे दूध पोटावर पालथे ठेवून पाजावे, उताणे धरून कधीही पाजू नये.

शिंका, चिकटलेले डोळे, वाहते नाक व अन्नावरील वासना जाणे ही मांजरांच्या सर्दीची लक्षणे होत. डोळे उकळून गार केलेल्या पाण्याच्या बोळ्याने पुसावेत व पशुवैद्यास दाखवावे. माणसांसाठीची पॅरासिटामॉलची गोळी मांजरास विषासमान आहे. तिचा तुकडाही देऊ नये. परळचे बाई साकराबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय मुंबईकरांच्या परिचयाचे आहेच.

संख्येचा प्रश्न

मांजरी वयाच्या चौथ्या ते सहाव्या महिन्यापासून माजावर येऊ शकते. गर्भकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असून वर्षात दोन-तीन वेतेही होतात. तेव्हा नुसते खाऊ घालणे व निवारा देणे ही अर्धी निगा झाली. जन्मलेली बरीच पिले पहिल्याच वर्षी मरतात, आणि पुढच्या वेतात तेच घडते. पिले पोत्यात भरून जंगलाच्या कडेला सोडण्याची क्रूर चाल सर्वथा सोडावी. ती उपासमारीने किंवा बिबट्याच्या तोंडी मरतात, जगलीच तर वनातील पक्ष्यांचा नाश करतात. प्राण्यास अशा रीतीने टाकून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमान्वये गुन्हाही ठरतो.

खरा उपाय नसबंदी व लसीकरण हाच होय. महानगरपालिका व प्राणिकल्याण संस्था यांच्याकडे याविषयी चौकशी करावी. शस्त्रक्रिया झालेल्या मांजराच्या कानाचे टोक किंचित कापून खूण केली जाते, त्यामुळे तेच मांजर पुन्हा पकडले जात नाही. हिवाळ्यात शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र त्यास कोरड्या, बंद जागी ठेवावे. सर्व मांजरे पकडून दूर नेल्याने काम होत नाही. अन्न तेथेच राहिल्यास रिकाम्या जागी नवी मांजरे येतात.

मर्यादा व दक्षता

मांजर चुटे उंदीर व लहान मूषक मारते, परंतु घुशीपुढे त्याचे फारसे चालत नाही. म्हणून धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवणे, बिळे बुजविणे व सापळे लावणे ही कामे करावीच लागतात. मांजरे असलेल्या जागी विषारी आमिष वापरू नये. विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही मरते. पेंड व भुशाची पिंपे झाकून ठेवावीत, कारण मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या एका रोगाने शेळ्या-मेंढ्या गाभडतात. गर्भवती स्त्रियांनी मांजरांची विष्ठा साफ करू नये. मांजर चावल्यास किंवा त्याने ओरबाडल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी व विलंब न लावता रुग्णालयात जाऊन रेबीजची लस घ्यावी.

थर्माकोलची एक पेटी, दोन पेंढ्या, एक वेळचे अन्न व नसबंदीसाठी एक फेरी, एवढेच हे काम आहे. प्रत्येक तबेल्याने व प्रत्येक आळीने आपल्यापुरती चार-सहा मांजरे सांभाळली, तर पहाटे गोठ्याच्या कोपऱ्यात गारठून मेलेली पिले उचलण्याची वेळ येणार नाही, आणि मांजरांची संख्याही हळूहळू आटोक्यात येईल. दिवाळी सरताच पेट्या तयार करण्यास लागावे, म्हणजे पौषातील थंडी येईतो मांजरांना त्यांची सवय झालेली असेल.