शनवारी थांबणारा घाणा

रत्नागिरीहून पावसच्या वाटेस लागावे, काजळीच्या मुखावरील पूल ओलांडावा आणि भाट्याच्या सुरूच्या बनामागून समुद्र दृष्टीस पडावा, की घाटावरून आलेला पाहुणा बोलता बोलता थांबतो. बरोबरचा भाट्येकर मात्र आपले वाक्य पुरे करतो.

या दोघांतील भेद यहुदी धर्मशास्त्राने फार पूर्वी हेरून ठेविला आहे. निदान तीस दिवसांनी महासागर पाहणाऱ्याने त्याच्या निर्मात्याची स्तुती म्हणावी, असा तेथे नियम आहे. वीज चमकली, इंद्रधनुष्य उमटले, फळ तोंडात घालावयाचे झाले, की त्या त्या प्रसंगाची स्तुती ठरलेली; फार काय, परसाकडे जाऊन आल्यावर देहाची रंध्रे सुरळीत चालतात म्हणूनही एक आहे, आणि अशा शंभर स्तुती रोज व्हाव्यात, अशी अपेक्षा. (सोवळ्यात वाढलेल्यांस हे उदाहरण अवघड वाटेल, मला ते सर्वांत प्रामाणिक वाटते.) परंतु समुद्र रोज पाहणाऱ्याच्या वाट्यास ती सागरस्तुती येत नाही. मग किनाऱ्यावरच जन्म काढणाऱ्याने विस्मय टिकवावा कसा?

याचे उत्तर याच किनाऱ्याच्या उत्तरेस, जुन्या कुलाबा जिल्ह्यात, बेने इस्राएल या यहुदी समाजाच्या लोकांनी जगून दाखविले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटून सात जोडपी वाचली, ही त्यांची परंपरागत कथा; तिच्या शतकांचा हिशेब इतिहासकारांकडे सोपवू. पोथ्या नाहीत, धर्मगुरू नाही, हिब्रूचा विसर पडलेला. अशा स्थितीत ‘शेमा’ या एकेश्वरनिष्ठेच्या प्रार्थनेचा आरंभ तेवढा मुखी राहिला आणि सुंतेपासून अंत्यविधीपर्यंत तोच उच्चारला गेला. किहीमचे किहिमकर, दिव्याचे दिवेकर, रोह्याचे रोहेकर झालेले हे लोक तेल गाळीत आणि शनवारी, म्हणजे सब्बाथच्या विश्रांतिदिनी, घाण्याचा बैल सोडून ठेवीत, म्हणून गावाने त्यांस ‘शनवार तेली’ म्हटले. पुढे दावीद राहाबी नावाचा विद्वान आला आणि परीक्षेसाठी त्याने बायकांपुढे नाना प्रकारची मासळी ठेविली, तेव्हा त्यांनी पर व खवले असलेली तेवढी निवडून बाकीची बाजूस सारली, असे सांगतात. ही आख्यायिकाच असेल; परंतु कोळंबी-कुर्ल्यांनी भरलेल्या खाडीकाठी रोजच्या कालवणात धर्म सांभाळणे हे व्याख्यान ऐकण्याहून कठीण, एवढे कोकणी माणसास सांगावे लागू नये.

त्यांच्या सणांची नावेच पाहा: नव्याचा सण, खिरीचा सण, दरफाळणी, बिरड्याचा रोजा. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक, आणि त्याचे नाव बिरड्यावरून! फारसी ‘रोजा’, मराठी बिरडे आणि इब्रानी स्मृती एकाच चुलीवर शिजली. नवस फेडताना प्रेषित एलियाहूच्या नावे ‘मलिदा’ होतो: भिजविलेले पोहे, ओले खोबरे, गोडी, वेलदोडे आणि भोवती फळे, त्यांवर स्तुती म्हणूनच घास घ्यावयाचा. 1948 नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलास गेली, तेव्हा मलिदाही बरोबर गेला.

वॉर्सात जन्मलेल्या अब्राहम जोशुआ हेशेल यांनी 1951 साली ‘द सब्बाथ’ या पुस्तकात प्रतिपादिले, की यहुदी धर्म पावित्र्य स्थळापेक्षा काळात अधिक शोधतो. ग्रंथ थोरच, तथापि शनवारी मोकळ्या सुटलेल्या बैलाने हा सिद्धांत कोकणात आधीच चालविला होता, असे म्हटल्यास हेशेलही रागावले नसते.

मांस व दूध एकत्र करणे निषिद्ध असल्यामुळे बेने इस्राएलांच्या रश्श्यात नारळाचेच दूध पडते. भाट्याला कोकण कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र आहे. तेथील माडाखाली कोणी यहुदी उभा राहून खोबऱ्याचा तुकडा खाऊ लागला, तर त्यास आधी वृक्षफळाची स्तुती म्हणावी लागेल. तिला तीस दिवसांची अट नाही.