सुरी किती फिरली?

सुरीफेक शिकायला आलेला माणूस पहिल्या दिवशी हमखास एकच करतो. सुरी मुठीकडून आपटून खाली पडली, की पुढची आणखी जोरात फेकतो. तीही आपटते. जोराने हा प्रश्न सुटत का नाही, याचं उत्तर शाळेतल्या परिघाच्या सूत्रात आहे.

फेकताना मनगट ताठ ठेवलं, तर कोपरापासून सुरीच्या गुरुत्वमध्यापर्यंत सगळं मिळून एकच दांडा होतो, साधारण अर्धा मीटर लांबीचा. तो कोपराभोवती फिरतो आणि पकड सुटते. सुरीचा पुढे जाण्याचा वेग आणि गिरकीचा वेग, दोन्ही त्याच फिरण्यातून आलेले असतात. जोर वाढवला, की दोन्ही सारखेच वाढतात. म्हणजे एका गिरकीत सुरी किती अंतर कापणार हे दांड्याची लांबीच ठरवते: २ × ३.१४ × ०.५, अर्थात ३.१४ मीटर. युरोपातल्या स्पर्धांतलं ३ मीटरचं अंतर मुठीने धरून एका गिरकीत गाठता येतं, ते यामुळेच. खांदा आणि पाऊलही पुढे सरकत असल्याने प्रत्येकाचं अंतर थोडं वेगळं निघतं, एवढंच.

तेव्हा बदलायची ती उभं राहण्याची जागा. रुतलेल्या सुरीची मूठ वर आणि टोक खाली असेल, तर ती जास्त फिरली. थोडं पुढे या. मूठ खाली झुकली असेल, तर मागे सरका. १५ सेंटीमीटर सरकलं, की सुरीचा कोन सुमारे १७ अंशांनी बदलतो. मनगटाला झटका दिलात, तर मात्र गिरकी वाढते आणि हा सगळा हिशेब कोलमडतो.

स्वयंपाकघरातली सुरी यासाठी नको. तिचं कडक पातं तुटतं. फेकीच्या सुरीला धार लागतच नाही, टोक तेवढं अणकुचीदार हवं. लक्ष्य म्हणून मऊ लाकडाच्या ओंडक्याची आडवी कापलेली जाड चकती घ्यावी. टोक तंतूंच्या मधे शिरतं आणि तंतू बाजूला सरतात. लक्ष्यावरून सुरी उसळून परत येऊ शकते, म्हणून बघणाऱ्यांनी फेकणाऱ्याच्याही बरंच मागे थांबावं. आणि सुऱ्या घेऊन बाहेर पडण्याआधी पोलिसांचा मनाई आदेश लागू आहे का, तेही पाहावं. महाराष्ट्रात तो वरचेवर निघतो.

काही खेळाडू तर्जनी पात्याच्या पाठीवर ठेवतात आणि सुरी सुटताना तिच्यावरून बोट घसरू देतात. त्या घर्षणाने गिरकी जवळपास मरते आणि सुरी टोक पुढे ठेवूनच जाते. मग अंतर मोजत बसावं लागत नाही, पण बोटाचा दाब दरवेळी तोच हवा.