अबोटाबाद हेलिकॉप्टर

पाकिस्तानातील अबोटाबाद येथे २ मे २०११ रोजी उत्तररात्री अमेरिकी विशेष दलाने ओसामा बिन लादेन याच्या निवासस्थानावर घातलेल्या छाप्यात कोसळलेले, तोपर्यंत सर्वस्वी अज्ञात असलेले लष्करी हेलिकॉप्टर. त्याचे नाव व आराखडा अमेरिकी शासनाने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. त्याविषयीची माहिती मुख्यतः शेपटीच्या एका अवशेषावरून काढलेल्या अनुमानांवर आधारलेली आहे.

अफगाणिस्तानातील जलालाबादहून निघालेल्या दोन हेलिकॉप्टरांपैकी एक आवारावर स्थिर राहण्याच्या प्रयत्नात खाली आले. सरावासाठी उभारलेल्या प्रतिकृतीभोवती जाळीचे कुंपण होते. प्रत्यक्षात तेथे भक्कम उंच भिंती होत्या. घूर्णकाने खाली लोटलेली हवा त्यामुळे बाजूंना पसरू शकली नाही व भिंतीलगत वर वळून पुन्हा घूर्णकात शिरली. हवेचे तापमान अपेक्षेपेक्षा अधिक असल्याने तिची घनताही कमी होती. परिणामी उत्थापक प्रेरणा घटली आणि शेपूट भिंतीवर आदळली. वैमानिकाने यंत्र आवारातच टेकविले व कोणीही गंभीर जखमी झाले नाही. निघताना सैनिकांनी ते स्फोटकांनी नष्ट केले. तथापि भिंतीपलीकडील शेपूट बचावली आणि तिची छायाचित्रे सकाळी जगभर पोहोचली.

शेपटीचा आकार व पथकातील सैनिकांची संख्या पाहता यंत्र मध्यम वाहतूक गटातील असावे, हे प्रथम निश्चित झाले. रडारला सहज न दिसणारे म्हणून आखलेले व २००४ मध्ये रद्द झालेले कोमांची हेलिकॉप्टर येथे संभवत नव्हते. त्यात केवळ दोघांची जागा होती आणि त्याचा शेपटीचा घूर्णक वलयात बंदिस्त होता, तर अवशेषातील घूर्णक उघडा होता. राहिला तो १९७९ पासून सेवेत असलेला सिकॉर्स्की कंपनीचा ब्लॅक हॉक. परंतु त्याच्याशीही अवशेष जुळत नव्हता. ब्लॅक हॉकच्या शेपटीच्या घूर्णकास चार पाती असतात. येथे ती अधिक होती (पाच की सहा, याबद्दल निरीक्षकांत मतभेद आहेत). घूर्णकाच्या मध्यभागावर तबकडीसारखे आच्छादन होते. आडवा स्थिरक नेहमीच्या आयताकार पृष्ठाऐवजी तिरप्या कडांचा होता, आणि पृष्ठभागाला रुपेरी करड्या रंगाचा लेप होता. यावरून हा ब्लॅक हॉकचा मुळापासून सुधारलेला प्रकार असावा, असे मत रूढ झाले.

या प्रत्येक फरकामागे कारण आहे. घूर्णकाच्या आवाजाची मूळ कंप्रता पात्यांची संख्या व दर सेकंदाचे फेरे यांच्या गुणाकाराइतकी असते. नेहमीच्या ब्लॅक हॉकचा मुख्य घूर्णक मिनिटास सु. २५८ फेरे घेतो, म्हणून चार पात्यांमुळे त्याची कंप्रता सु. १७ हर्ट्‌झ येते. शेपटीच्या घूर्णकाचे फेरे सु. १,१९० असल्याने त्याची कंप्रता सु. ७९ हर्ट्‌झ असते, आणि तिच्या पटीतील स्वर मानवी कानास विशेष जाणवतात. पाती वाढविली की तीच प्रेरणा कमी वेगाने मिळविता येते. टोकांचा वेग घटताच आवाज झपाट्याने कमी होतो. मध्यभागावरील आच्छादन व तिरप्या कडा यांचा संबंध रडारशी आहे. उघडे सांधे व दांडे रडार-तरंग अनेक दिशांनी परावर्तित करतात, तर एकाच दिशेत मांडलेल्या कडा ते ठराविक दिशांनाच वळवितात [⟶ रडार]. लेपाचा हेतू बहुधा अवरक्त किरणांचे उत्सर्जन कमी करण्याचा असावा.

हे हेलिकॉप्टर ‘निःशब्द’ होते असे मात्र म्हणता येत नाही. त्याच रात्री अबोटाबादमधील एका रहिवाशाने शहरावर हेलिकॉप्टर घिरट्या घालीत असल्याची जाहीर नोंद केली होती. आवाज पूर्ण नाहीसा करता येत नाही. तो उशिरा ऐकू यावा व त्याची दिशा कळू नये, एवढेच साधता येते. १९७२ च्या अखेरीस उत्तर व्हिएतनाममधील विन्ह शहराजवळ दूरध्वनीच्या तारांवर गुप्त श्रवणयंत्रे बसविण्यासाठी वापरलेले ह्यूज ५०० चे सुधारित रूप याच तत्त्वावर बेतले होते. त्याच्या मुख्य घूर्णकास पाच पाती होती.

नियतकालिकांत या हेलिकॉप्टराची संपूर्ण चित्रे प्रसिद्ध झाली. ती जपून पाहावयास हवीत. शेपटीपुढील भागाचे एकही निर्विवाद छायाचित्र उपलब्ध नसल्याने नाक, एंजिनांची आच्छादने व मुख्य घूर्णक हे सर्व चित्रकारांच्या कल्पनेतून आलेले आहे.

पाकिस्तानी लष्कराने अवशेष झाकून हलविले. मे २०११ मध्येच शेपूट अमेरिकेला परत करण्यात आली. तत्पूर्वी चिनी तंत्रज्ञांना ती पाहू दिल्याचे वृत्त ऑगस्ट २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पाकिस्तानने ते नाकारले.