खुर्द्याची खानेसुमारी

वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच रुपयांचे नाणे हाती आले असता त्याचे लाखो रुपये येतात हे खरे काय, अशी पृच्छा वाचकांकडून वारंवार होत असते. ते स्मारक-नाणे २०१२ साली पाडले गेले व सर्रास व्यवहारातही आले, तेव्हा लाखांची वार्ता ही निव्वळ वार्ताच होय. आणि जुनी नाणी विकून देण्याच्या मिषाने शुल्क उकळणाऱ्या भामट्यांविषयीचा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ सालीच देऊन ठेवला आहे.

म्हणून खुर्दा निरखण्याचा छंद सोडावा असे मात्र नाही. सनाखाली हिऱ्याच्या आकाराची खूण असली तर नाणे मुंबईचे, तारा असला तर हैदराबादचे, ठिपका असला तर नोएडाचे आणि काहीच नसले तर कलकत्त्याचे. दोन्ही अंगांना एकच चित्र, पण एकीकडे उठावाचे व दुसरीकडे खोलगट आणि उलटे, असे आढळल्यास समजावे की आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले व पुढच्या चकतीवर त्यानेच आपली मुद्रा उमटवली. असा नग तपासनिसांच्या नजरेतून क्वचितच निसटतो, आणि त्याला संग्राहक खरोखरच मोल देतात.

परंतु खुर्द्याकडे ज्याने शास्त्रज्ञाच्या दृष्टीने पाहिले, तो विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स आपल्याला केवळ सीमान्त उपयोगितेचा अर्थशास्त्रज्ञ म्हणून ठाऊक असतो. हा गृहस्थ मूळचा रसायनशास्त्राचा विद्यार्थी असून, विशी गाठण्यापूर्वीच सिडनीच्या टांकसाळीत धातूंचा कस पाहण्याच्या नोकरीसाठी ऑस्ट्रेलियात दाखल झाला होता. ब्रिटनमध्ये सोन्याची नाणी एकंदर किती फिरत आहेत, हा प्रश्न त्याने १८६८ साली हाती घेतला आणि देशभरच्या पेढ्यांना विनंती करून दीड लाखांहून अधिक नाणी सनावार मोजवून घेतली. अलीकडच्या सनांची नाणी किती पाडली याचा हिशेब टांकसाळीच्या दप्तरी होताच, आणि तेवढ्या अवधीत ती फारशी वितळली वा परदेशी गेली नसावीत असे त्याने गृहीत धरले. मग मोजलेल्या नाण्यांत ती दहांत एक भरली, तर देशातील एकूण नाणी त्यांच्या दसपट! तळ्यातले काही मासे खूण करून सोडायचे आणि पुन्हा जाळे टाकून खुणेचे किती सापडतात ते पाहायचे, ही प्राणिशास्त्रातील युक्ती डेन्मार्कच्या पीटरसनच्या नावावर चढली ती १८९६ च्या सुमारास. जेव्हन्सने ती २८ वर्षे आधी सुवर्णमत्स्यांवर चालवली होती, आणि तरी त्याचे नाव त्या संदर्भात अभावानेच निघते, हे मला नेहमीच खटकत आले आहे.

हीच युक्ती पुढे हिंदुस्थानातही आली. सरकारी खजिन्यांतील ठरावीक रुपयांची सनावार मोजदाद होऊ लागली, तिच्या आधारे हॅरिसन नामक अधिकाऱ्याने देशातील रुपयांचा अंदाज बांधला, आणि केन्सने हिंदी चलनावरील आपल्या १९१३ च्या ग्रंथात त्याची दखल घेतली. पण येथे एक मौजेची अडचण होती. जुन्या सनाच्या रुपयावर सराफ बट्टा कापीत, म्हणून सरकारने सन बदलणेच थांबविले, आणि १८७४ पर्यंतच्या रुपयांवर १८६२ हाच आकडा उमटत राहिला. साहजिकच त्या बारा वर्षांपुरती जेव्हन्सची पद्धत आंधळी झाली. मुंबईच्या टांकसाळीने मात्र सनाखाली बारीक ठिपके देण्याचा प्रघात ठेवला होता, आणि त्यांच्या संख्येवरून रुपयाचे खरे वर्ष ठरविण्याचा उद्योग नाणेशास्त्रज्ञ अद्याप करीत आहेत. घरच्या पेटीत त्या सनाचा राणीछाप रुपया असेल, तर विक्रीची भाषा करण्याआधी एकदा भिंग घेऊन ते ठिपके मोजावेत.