'वाळवी', हास्यजत्रा आणि विनोदाची प्रत

मराठी विनोद संपुष्टात आल्याची जी फिर्याद हल्ली वारंवार ऐकू येते, तिच्या विरोधात पहिला पुरावा म्हणून परेश मोकाशी दिग्दर्शित, जानेवारी २०२३ मध्ये प्रदर्शित झालेला 'वाळवी' मी रुजू करीन. पत्नीचा काटा काढून त्या कृत्यास आत्महत्येचे स्वरूप देण्याची पतीने व त्याच्या प्रेयसीने केलेली तजवीज क्षुल्लक अडचणींनी जसजशी विस्कटत जाते, तसतसा प्रेक्षक, नीतिविचार बाजूस सारून, गुन्हेगारांच्याच चिंतेत सामील होतो. आणि स्वप्नील जोशी यांची प्रेमळ नायकाची रूढ प्रतिमा दिग्दर्शकाने येथे मोठ्या कावेबाजपणे राबवली आहे. या चित्रपटास पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला, तो सार्थच होय.

दूरचित्रवाणीवर २०१८ पासून सोनी मराठीने चालविलेली 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' मला प्रिय आहे, विशेषतः समीर चौघुले यांच्यासाठी, कारण संवाद दुबळा असला तरी हा नट केवळ अडखळण्यातून आणि मुद्रेतून सामान्य माणसाची केविलवाणी फजिती उभी करतो. परीक्षकांचे हास्य मात्र इतक्या वेळा दाखविण्याचे प्रयोजन मला आजवर उमगलेले नाही. (आम्ही हसावे की नाही, हे आमचे आम्ही ठरवू!) २०१४ मध्ये आरंभ झालेल्या 'चला हवा येऊ द्या' या कार्यक्रमाने सुरुवातीस धमाल उडविली, पुढे नव्या चित्रपटांच्या जाहिरातीचा भार त्याला सोसवेना.

'वाळवी' आवडलेल्यांनी मोकाशी यांचाच २००९ चा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' अवश्य पाहावा. दादासाहेब फाळक्यांचा चित्रपटनिर्मितीचा ध्यास त्यात अश्रूंऐवजी मिस्कीलपणाने चितारला आहे.