लाकडी हॉट टब : मोडीत काढण्याआधी

कॅलिफोर्नियात १९६०च्या दशकात वाइनच्या जुन्या पिंपांत गरम पाणी भरून लोक बसू लागले आणि त्यातून रेडवूडचे हॉट टब रूढ झाले. असा टब गळू लागला म्हणजे संपला, हा समज त्याच्या घडणीपुढे टिकत नाही. रेडवूडच्या गाभ्यातील टॅनिनसारखी द्रव्ये कुजण्याला विरोध करतात. उभ्या फळ्या केवळ धातूच्या पट्ट्यांनी आवळलेल्या असतात आणि पाण्याने फुगून सांधे घट्ट मिटवतात. म्हणूनच बराच काळ कोरड्या राहिलेल्या टबाचे लाकूड अनेकदा कुजलेले नसते, फक्त आकसलेले असते. काही दिवस पाणी भरत राहून पट्ट्या आवळल्या, की गळती बरीच आटोक्यात येते. एखादी फळी कुजली तर तेवढीच बदलता येते. ॲक्रिलिकच्या अखंड टबाला ठिगळच लावावे लागते.

लाकडाच्या रंध्रांत जंतू लपतात, हा आक्षेप खरा आहे. त्वचेवर पुरळ उठवणारा स्यूडोमोनास कोमट पाण्यात झपाट्याने वाढतो. पण त्यावर उपाय शिस्तीचा आहे : मुक्त क्लोरीन किमान ३ पीपीएम आणि पीएच ७.० ते ७.८. क्लोरीनचा अतिरेक मात्र लाकडातील लिग्निन खातो आणि पृष्ठभाग तंतुमय करतो. त्यामुळे मोजमाप दोन्ही बाजूंनी हवे. टोकदार अवजार तळात किंवा बहुतेक फळ्यांत सहज रुतत असेल, तरच टब मोडीत काढावा. अन्यथा शतकानुशतके वाढलेल्या वृक्षाचे लाकूड फेकून देणे ही निव्वळ नासाडी आहे.